विश्लेषण : कुपोषणाच्या पट्ट्यात गर्भवतीची साखर का तपासायची?

पालघर जिल्ह्यातील गर्भवतींचा विषय निघाला की तीन गोष्टींची चर्चा होते : रक्तक्षय, कमी वजन आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर. साखरेचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. मधुमेह हा शहरातला, बसून काम करणाऱ्यांचा आणि वजन वाढलेल्यांचा आजार, हा समज अजून पक्का आहे. डहाणू आणि तलासरीत भातशेतीत, वीटभट्टीवर किंवा चिकूच्या वाडीत दिवसभर राबणाऱ्या सडपातळ बाईला साखर कशी होईल, हा प्रश्न त्यातूनच येतो. पण गरोदरपणातील साखर केवळ आईच्या वजनावर ठरत नाही. तिची सुरुवात गर्भाशयातील वारेपासून होते आणि वार प्रत्येक गर्भवतीत असते. म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची साखर दोन वेळा तपासणे अपेक्षित आहे. गरोदरपणात शरीरात नेमके काय बदलते, ही तपासणी कशी होते, साखर जास्त निघाली तर काय खायचे आणि स्थलांतराच्या या पट्ट्यात तपासणी कुठे निसटते, याचा हा आढावा.

गरोदरपणाच्या सुरुवातीला काय बदलते?

भात, भाकरी, कंद यांतील पिष्टमय पदार्थ पचले की त्यांचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात येते. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिनमुळे हे ग्लुकोज स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत शिरते, तसेच यकृत स्वतःहून ग्लुकोज बनवण्याचे काम कमी करते. जेवणानंतर चढलेली साखर त्यामुळे दोनेक तासांत खाली येते.

गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत हे काम बहुतेक महिलांमध्ये सुरळीत चालते. शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देते आणि पुढच्या महिन्यांसाठी चरबी साठवू लागते. उपाशीपोटीची साखर तर आधीपेक्षा थोडी उतरते. मळमळ आणि उलट्यांमुळे खाणे कमी झाले असेल तर ती आणखी खाली दिसू शकते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात केलेली तपासणी ठीक आली म्हणजे सातव्या महिन्यातही ती ठीकच येईल, असे म्हणता येत नाही.

वार हा हिशेब कसा बदलते?

बाळाला अन्न आणि प्राणवायू पोहोचवणारी वार हार्मोनही तयार करते. गर्भ वाढतो तशी वार वाढते आणि या हार्मोनांचे प्रमाणही वाढते. वारेतून येणारे लॅक्टोजेन आणि वाढीचे हार्मोन, त्यांच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल, हे सगळे मिळून आईच्या शरीरातील इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. याला इन्सुलिनविरोध म्हणतात. साधारण पाचव्या महिन्यापासून तो जाणवू लागतो आणि शेवटच्या तिमाहीत तेवढ्याच इन्सुलिनचा परिणाम जवळपास निम्म्यावर येतो.

हा शरीराचा बिघाड नाही, बाळासाठी केलेली सोय आहे. बाळाचे मुख्य इंधन ग्लुकोज. आईच्या स्नायूंनी ते पटकन उचलले तर बाळाला कमी पडेल. म्हणून आईचे शरीर स्वतःसाठी चरबी अधिक वापरते आणि ग्लुकोज रक्तात थोडा जास्त वेळ राहू देते. शेवटच्या महिन्यांत यकृतही आधीपेक्षा जास्त ग्लुकोज बनवते.

यातून दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात. जेवण झाल्यावर साखर आधीपेक्षा जास्त चढते आणि उशिरा उतरते. रात्रभर पोट रिकामे राहिले तर ती आधीपेक्षा जास्त उतरते, कारण आई झोपली तरी बाळ ग्लुकोज घेतच असते. अशा वेळी आईचे शरीर लवकर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन वाढतात. एरवी ज्या उपाशीपणाचा परिणाम दिसायला जास्त वेळ लागतो, तो गर्भवतीत एका रात्रीत दिसू शकतो. आहाराचा प्रश्न येईल तेव्हा हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

मग त्याला मधुमेह कधी म्हणायचे?

इन्सुलिनचा परिणाम निम्म्यावर आला तर उपाय एकच, इन्सुलिन जास्त बनवायचे. निरोगी स्वादुपिंड तेच करते. बीटा पेशींची संख्या आणि काम दोन्ही वाढते आणि शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनचे उत्पादन आधीच्या दुप्पट ते अडीचपट होते. त्यामुळे बहुतेक गर्भवतींची साखर मर्यादेत राहते.

काही महिलांच्या स्वादुपिंडाला एवढे जादा काम झेपत नाही. एरवी त्यांची साखर ठीक असते, कारण तेवढ्या कामापुरती क्षमता त्यांच्याकडे असते. गरोदरपणात भार वाढला की ती कमी पडते आणि साखर मर्यादेबाहेर जाते. हाच गरोदरपणातील मधुमेह. वाढलेले वजन, जास्त वय, घरात मधुमेह, आधीच्या बाळंतपणात झालेला मधुमेह, कमी उंची, हे घटक धोका वाढवतात. पण यांपैकी काहीही नसताना तो होऊ शकतो.

काही महिलांना गरोदर राहण्याआधीपासूनच मधुमेह असतो, फक्त तो कोणी तपासलेला नसतो. हा प्रकार जास्त गंभीर आहे. बाळाचे अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांत घडतात आणि त्या काळात साखर फार वाढलेली असेल तर जन्मजात व्यंगाचा धोका असतो. पहिल्याच भेटीत साखर तपासण्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

बाळावर काय परिणाम होतो?

वारेतून ग्लुकोज जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. दोन टाक्या नळाने जोडल्या तर जास्त पातळीच्या टाकीतले पाणी कमी पातळीच्या टाकीत जाते. वारेतील ग्लुकोजचा प्रवास साधारण असाच असतो, आणि या नळाला झडप नाही. आईची साखर जितकी चढते तितके जास्त ग्लुकोज बाळाकडे जाते.

बाळाचे स्वादुपिंड पहिल्या तिमाहीच्या अखेरीपासून स्वतःचे इन्सुलिन बनवू लागते. जास्त ग्लुकोज आले की ते जास्त इन्सुलिन बनवते. इन्सुलिन बाळासाठी वाढीचा संदेशही असतो, त्यामुळे अंगावर चरबी वाढते. डेन्मार्कमधील डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात हे सूत्र मांडले आणि आजही गरोदरपणातील मधुमेहाचे बहुतेक परिणाम त्यानेच समजावले जातात.

नाळ कापली की आईकडून येणारे ग्लुकोज क्षणात थांबते, पण बाळाच्या रक्तातील जादा इन्सुलिन काही तास राहते. त्यामुळे जन्मानंतर लगेच बाळाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. बाळ सुस्त पडते, दूध ओढत नाही, झटके येऊ शकतात. घरी बाळंतपण झाले तर ही लक्षणे ‘बाळ शांत आहे’ म्हणून दुर्लक्षित राहण्याची भीती असते. शिवाय खांदे अडकून बाळंतपण अवघड होणे, सिझेरियन, आईचा रक्तदाब वाढणे, बाळाला कावीळ किंवा श्वासाचा त्रास, आणि साखर फार काळ वाढलेली राहिल्यास पोटातच बाळ दगावणे, हे धोके असतात.

धोका नेमका कोणत्या आकड्यापासून सुरू होतो, हे शोधण्यासाठी नऊ देशांत सुमारे २५ हजार गर्भवतींचा ‘हापो’ नावाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. धोक्याची अशी एक ठळक रेषा नसते आणि साखर वाढेल तसा धोका हळूहळू वाढत जातो, असे त्यात दिसले. या नऊ देशांत भारत नव्हता.

सडपातळ महिलांना धोका कसा?

या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातूनच पुढे आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बाळांचा पाठपुरावा सुरू केला. या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी केली गेली. पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, साउदम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे जवळपास सर्वच मापांत लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी आणि चरबी टिकून, अशा या शरीररचनेला ‘थिन-फॅट’ हे नाव मिळाले.

२००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनकाट्यावरून चरबी आणि स्नायूंचे प्रमाण कळत नाही, हे सांगायला ते एक छायाचित्र पुरेसे ठरले.

गर्भातच पोषण कमी पडले तर बाळाचे शरीर मेंदू वाचवते आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर करते, असे यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. ज्या मुलीने बालपणात कुपोषण सोसले, ती पुढे गर्भवती झाली की कमी स्नायू आणि कमी क्षमतेचे स्वादुपिंड घेऊनच तिला वारेचा हा भार पेलावा लागतो. त्यामुळे कुपोषण आणि मधुमेह हे परस्परांच्या विरुद्ध टोकाचे प्रश्न नाहीत. एकाच घरात, कधी एकाच बाईत, दोन्ही आढळू शकतात. डहाणू-तलासरीसारख्या भागात साखरेची तपासणी अनावश्यक न वाटता अधिक गरजेची का वाटली पाहिजे, ते यातून कळते.

लक्षणांवरून ओळखता येत नाही का?

बहुतेक वेळा नाही. तहान लागणे, वारंवार लघवीला जावे लागणे, थकवा येणे ही लक्षणे गरोदरपणात तशीही असतात. लघवीची पट्टी हाही खात्रीचा उपाय नाही. गरोदरपणात मूत्रपिंडातून साखर सहज बाहेर पडते, त्यामुळे रक्तातील साखर ठीक असतानाही पट्टी रंग बदलू शकते.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही इथे अपुरी ठरते. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात आणि त्यामुळे हा आकडा कमी दिसू शकतो. रक्तक्षय आणि सिकलसेल या दोन्हींमुळे तो आणखी बेभरवशाचा होतो. आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण जास्त असल्याने त्यासाठी जुलै २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू आहे. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात म्हणूनच या चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

तपासणी कशी होते?

भारतातील सरकारी पद्धत साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायला देतात. दोन तासांनी रक्तातील साखर मोजतात. ती १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर गरोदरपणातील मधुमेह आहे, असे धरून उपचार सुरू होतात. पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी पुन्हा करावी लागते.

ही पद्धत चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या आणि ‘डिप्सी’ या भारतीय अभ्यासगटाने पुढे आणली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे उपाशीपोटी यावे लागत नाही. पाड्यावरून सकाळी निघून, मिळेल त्या वाहनाने केंद्रावर पोहोचणाऱ्या गर्भवतीला उपाशी बोलावले तर ती येणार नाही किंवा वाटेत चक्कर येईल, हा व्यवहार त्यामागे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या निकषांत उपाशीपोटी, एक तासाने आणि दोन तासांनी अशी तीन मोजमापे आहेत. त्यांच्या तुलनेत भारतीय पद्धतीतून काही रुग्ण सुटतात, अशी टीका संशोधकांनी केली आहे. मात्र जी चाचणी उपकेंद्राच्या पातळीवर होऊ शकते, तिच्यामुळे निदान तरी होते, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि ग्रामीण भागात त्याला वजन आहे.

केंद्राच्या सूचनांनुसार ही तपासणी दोनदा करायची असते : नोंदणीच्या पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. दोन्हींत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. २८ आठवडे उलटून गेल्यावर पहिल्यांदाच आलेल्या महिलेचीही एकदा तपासणी करायची असते. ‘आता उशीर झाला’ म्हणून ती सोडून द्यायची नसते.

डहाणू-तलासरीत अडचण कुठे येते?

दोन्ही तालुके गुजरातच्या सीमेलगत आहेत. २०११च्या जनगणनेनुसार तलासरीत दर दहांपैकी सुमारे नऊ आणि डहाणूत सुमारे दोन तृतीयांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये, तर तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. गुंतागुंत वाढली की अनेक कुटुंबे सिल्वासा किंवा वलसाडची वाट धरतात.

पहिली अडचण वेळापत्रकाची आहे. भाताची कापणी आटोपली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे आणि मिठागरांवर कामाला जातात, तर काही जण बोटींवर जातात. बरीच माणसे होळीला गावी परततात. पावसाळ्याच्या अखेरीस दिवस गेलेल्या महिलेची पहिली तपासणी गावात होऊ शकते, पण तिचा २४ ते २८ आठवड्यांचा काळ भट्टीवर जातो. म्हणजे वारेचा परिणाम सर्वाधिक दिसण्याची वेळ आणि ती घराबाहेर असण्याची वेळ एकच ठरते.

दुसरी अडचण नोंदीची. गावात आशा सेविकेच्या वहीत नाव असते, पण वीटभट्टी दुसऱ्या तालुक्यात, जिल्ह्यात किंवा राज्यात असते. तिथे ती ‘बाहेरची’ असते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेले आणि त्यावर साखरेचा आकडा, तारीख, गरोदरपणाचा आठवडा हे तिन्ही लिहिलेले असले तर पुढच्या ठिकाणच्या परिचारिकेला पुढची तपासणी कधी करायची ते कळते. कार्डावर नुसती ‘शुगर नॉर्मल’ अशी नोंद असेल तर ती पहिल्या तपासणीची की दुसऱ्या, हे समजत नाही.

तिसरी अडचण तांत्रिक आहे. उपकेंद्रात साखर बहुधा बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर मोजली जाते. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण खूप कमी असेल तर अनेक ग्लुकोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त साखर दाखवतात. तीव्र रक्तक्षय असलेल्या गर्भवतीचा आकडा मर्यादेच्या आसपास आला तर शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत खात्री करून घेणे चांगले. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून होणारी तपासणी त्यासाठी उपयोगी पडू शकते.

साखर निघाली म्हणजे खाणे कमी करायचे का?

नाही, आणि या भागात हा गैरसमज सर्वात धोकादायक आहे. आधीच अंगावर कमी असलेल्या महिलेला ‘साखर आहे, भात बंद’ एवढेच सांगितले तर ती निम्म्या पोटी राहील. भाताची जागा घ्यायला घरात दुसरे काही असतेच असे नाही. वर सांगितल्याप्रमाणे गर्भवतीचे शरीर उपाशीपणात लवकर चरबी जाळू लागते, कीटोन वाढतात आणि बाळाचेही पोषण घटते. साखरेचा आकडा कमी झाला आणि बाळ दोन किलोचे जन्मले, तर त्याला उपचार म्हणता येणार नाही.

उपाय खाणे वाटून घेण्याचा आणि ताटातील प्रमाण बदलण्याचा आहे. दोन मोठ्या जेवणांऐवजी तीन मध्यम जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे. भाताचा ढीग कमी करून त्यासोबत तूर, उडीद किंवा वालाची डाळ, अंडे, मासळी किंवा सुकट आणि पालेभाजी वाढवली तर साखर हळू चढते. पावसाळ्यातील रानभाज्या इथे कामाला येतात. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाल्ले तर पहाटेची उपासमार टळते.

काही समज तपासून घ्यायला हवेत. नागली पौष्टिक आहे, त्यात कॅल्शियम भरपूर आहे, पण नागलीतही पिष्टमय पदार्थ असतात. भाकरी प्रमाणातच खायची आणि पातळ गोड आंबील टाळायची. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, पण तो गोड असल्याने एका वेळी पाच-सहा खाणे किंवा त्याचा शेक पिणे नको. गूळ हा साखरेला पर्याय नाही, रक्तात गेल्यावर दोन्ही सारखेच. ताडी गरोदरपणात नकोच.

राज्य सरकारच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे गरम चौरस जेवण मिळते. साखर निघाली म्हणून हे जेवण बंद करू नये. त्यातील डाळ, भाजी, अंडे पूर्ण खावे आणि भात बेताचा घ्यावा. घरी मिळणाऱ्या पाकिटातील मिश्रण गोड असेल तर किती घ्यायचे ते डॉक्टर किंवा परिचारिकेला विचारावे.

चालण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. बैठे काम करणाऱ्या महिलेसाठी रोजचे अर्धा तास चालणे उपयोगी आहे. दिवसभर रोपणी करणाऱ्या किंवा विटा वाहणाऱ्या महिलेला त्याऐवजी विश्रांती आणि वेळेवर जेवण यांची गरज असते.

आहाराने साखर आटोक्यात आली नाही तर?

दोन आठवडे आहार सांभाळून जेवणानंतर दोन तासांची साखर पुन्हा पाहतात. ती १२० पेक्षा कमी असेल तर आहारच पुढे चालू ठेवतात. बहुतेक महिलांना एवढे पुरते. १२० किंवा त्याहून जास्त असेल तर औषध लागते. सरकारी सूचनांनुसार २० आठवड्यांनंतर मेटफॉर्मिनच्या गोळ्या देता येतात, इन्सुलिन कोणत्याही टप्प्यावर देता येते. वारेतून पलीकडे जात नसल्याने इन्सुलिनचा बाळाला थेट त्रास होत नाही. ‘एकदा सुरू केले की आयुष्यभर’ ही भीतीही या बाबतीत खरी नाही. बाळंतपणानंतर वार बाहेर पडली की इन्सुलिनविरोध झपाट्याने कमी होतो आणि बहुतेकींचे औषध थांबते.

अशा महिलेचे बाळंतपण घरी होता कामा नये. जन्मानंतर तासाभरात स्तनपान आणि बाळाच्या साखरेची तपासणी, या दोन गोष्टींनी बाळाचा पहिल्या दिवसाचा धोका बराच कमी होतो.

बाळंतपणानंतर विषय संपतो का?

साखर उतरते, पण कमी पडलेले स्वादुपिंड तेच असते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या महिलेला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सात ते दहा पट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसले आहे. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा ग्लुकोज चाचणी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करायला सांगतात. सहा आठवडे ही बाळाच्या लसीकरणाचीही एक वेळ असते. त्याच दिवशी आईचीही साखर पाहिली तर वेगळी फेरी मारावी लागत नाही.

सुरुवात गरोदरपणाच्याही आधी करता येते, हे मुंबईतील एका प्रयोगाने दाखवले. मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्टमध्ये २००६ पासून वस्त्यांतील महिलांना दिवस जाण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला रोजचा खाऊ दिला गेला. तुलनेच्या गटाला बटाटा, कांदा अशा भाज्यांचा खाऊ दिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के होते. म्हणजे चांगले खाणे मिळाल्याने साखर वाढली नाही, उलट धोका कमी झाला.

पुढे काय करायला हवे?

डहाणू-तलासरीसाठी यातून निघणारी कामे फार खर्चाची नाहीत. दिवाळीपूर्वी, कुटुंबे बाहेर पडण्याआधी, गावातील सर्व गर्भवतींची यादी करून जिचे २४ आठवडे भरत आले आहेत तिची चाचणी तेव्हाच उरकता येईल. ज्यांची वेळ नंतर येणार आहे त्यांच्या कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख ठळक लिहून देता येईल. होळीला परतणाऱ्या गर्भवतींसाठी दुसरी फेरी ठेवता येईल. उपकेंद्रांत ग्लुकोजची पाकिटे आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपू न देणे हेही तितकेच गरजेचे आहे, कारण पट्टी नसेल तर चाचणी कागदावरच राहते. आयसीएमआरच्या मुंबईतील प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूतच आहे. स्थानिक महिलांची आकडेवारी गोळा करून आहाराचा सल्ला इथल्या ताटाप्रमाणे ठरवण्यासाठी ते आधार ठरू शकते.

गर्भवती आणि तिच्या घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. नोंदणीच्या वेळी आणि सहाव्या-सातव्या महिन्यात गोड पाण्याची तपासणी झाली का, हे आशाताईंना विचारावे. कामासाठी बाहेर जाताना कार्ड सोबत न्यावे. साखर जास्त निघाली तर खाणे तोडू नये, काय आणि किती वेळा खायचे ते विचारून घ्यावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणीला जावे.